एकच भाव

मी अकोल्याच्या कापड दुकानात गुमास्ता म्हणून लागलो, तेव्हा अमरावतीला आमच्या घरी दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. वडील भिक्षुकी करत, थोरले बंधू एका वकिलांकडे कारकून आणि चुलते शाळामास्तर. अशा घरातला मुलगा गादीवर मांडी घालून बायकांना लुगडी उलगडून दाखवणार, हे वडिलांच्या पचनी पडेना. "मॅट्रिक झालेल्या माणसानं हातात कापड मापायचा गज धरावा?" असं ते प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. मी मॅट्रिक तिसऱ्या खेपेला झालो होतो, तेवढं मात्र ते उदारपणे वगळत. नागपूरच्या कचेऱ्यांत माझे तीन अर्ज गेले होते आणि तिन्ही तिथेच सुखाने नांदत होते.

दुकानात मला वर्ष झाल्यावर लग्न झालं. मुलगी पुण्याची. तिचे मामा अमरावतीला पोस्टात होते, त्यांनी जुळवलं. मुलगा कापडाच्या व्यापारात आहे, असं त्यांनी पुण्याला कळवलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं.

आम्ही अकोल्याला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होतो. पहिले काही महिने बायको दारात उभी राहून शेजारणींचं बोलणं नुसतं ऐकत असे. शेजारीण निघताना "जातो मी" म्हणाली, की ही मागे वळून कोणी पुरुष आलाय का ते पाही. वऱ्हाडात बायकाही 'जातो', 'करतो' म्हणतात हे मी तिला समजावून सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं, पण तिला ते पटलं नाही. बाजारात भाव करायचीही तिला मनापासून लाज वाटे. भाजीवाली सांगेल तेवढे पैसे ती देऊन येई आणि भाजीवालीच ओशाळून दोन वांगी जास्त टाकी.

तिची माझ्याविषयी एकच तक्रार होती आणि ती रास्त होती. दिवसभर मी शंभर लुगडी उलगडायचो, आणि घरची बाई दीड वर्ष लग्नातल्याच दोन लुगड्यांवर होती. "कापडाच्या दुकानातला माणूस," एवढंच ती म्हणे. पुढचं म्हणत नसे. ते न म्हटलेलं मला रात्रीच्या भाकरीबरोबर गिळावं लागे.

त्या वर्षी नवरात्रात आमचे शेटजी कोणाच्या तरी लग्नाची बोलणी करायला मुंबईला गेले आणि परत येताना 'सेल' घेऊन आले. तिथल्या एका मोठ्या दुकानापुढे दिवाळीच्या आधी पहाटेपासून माणसांची रांग लागलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. दुकान उघडताच माणसं आत घुसतात, मालाला एकच भाव असतो, कोणी घासाघीस करत नाही आणि दुपारपर्यंत कप्पे रिकामे होतात. हे सगळं त्यांनी आम्हाला गादीवर बसवून सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा भरून येत होता.

"आपुनही करू," ते म्हणाले. "दिवाळीच्या आधी चार दिस. पहाटे पाचले दुकान उघडायचं. तुमी लोकायनं चारले यायचं."

आम्ही गादीवर चौघे गुमास्ते होतो. त्यातले सगळ्यांत जुने अकोटचे होते. साठीला आले होते आणि चाळीस वर्षं याच गादीवर बसत होते. त्यांना सगळे नुसतं मोठे गुमास्ते म्हणत. माझ्या घरच्या भिक्षुकीवरून ते मला 'महाराज' म्हणत. त्यांनी शेटजींचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाव एकच, म्हंजे गिऱ्हाईक बोलन काय?"

"बोलनच नाही. पैशे देईन अन् जाईन."

"मंग ते येईन काहून?" मोठे गुमास्ते म्हणाले.

शेटजींनी ते कानाआड केलं. त्यांनी आणखी दोन नियम घातले. सेल संपेपर्यंत नोकरांच्या घरच्या माणसांनी दुकानात यायचं नाही, आणि कोणताही माल कोणासाठी बाजूला काढून ठेवायचा नाही. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की सगळा माल त्याच्याचसाठी आहे.

मग एका रंगाऱ्याकडून हातभर उंच अक्षरांची पाटी करून घेतली. रंगाऱ्याने 'सेल' हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. त्याने आपल्या बुद्धीने शुद्ध करून 'दिवाळीनिमित्त भव्य सैल' असं लिहिलं आणि खाली 'एकच भाव'. पाटी लागल्यावर दोन दिवस माणसं आत येऊन विचारत होती, की सैल म्हणजे ढिले कपडे मिळतात काय, शिवलेले मिळतात काय. एका गृहस्थांनी आपल्या पोटाकडे बोट दाखवून एवढ्याला होईल का तेही विचारलं. शेटजींनी शेवटी स्वतः स्टुलावर चढून वरची एक मात्रा चुन्याने पुसली. पुसलेल्या जागी पांढरा ढग राहिला.

आता माझी चूक सांगतो. सेलच्या आदल्या आठवड्यात नागपूरहून लुगड्यांचं गाठोडं आलं. त्यात एकच लुगडं डाळिंबी रंगाचं होतं. हिरवे रुंद काठ, पदराला जरीची बारीक नक्षी, आणि सूत असं की हातात घेतलं तर ओंजळीत मावावं. ते मी तिसऱ्या कप्प्यात ठेवलं आणि घरी जाऊन बायकोपुढे त्याचं वर्णन केलं. का केलं, कोण जाणे. दिवसभर लुगड्यांची तारीफ करून करून तोंडाला तीच सवय लागली होती. तिने सगळं ऐकलं आणि भाकरी उलटत विचारलं, "कुठल्या कप्प्यात ठेवलंय?"

"तिसऱ्या."

"बरं," ती म्हणाली. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पहिल्या दिवशी जिनातल्या पहारेकऱ्याने तीनचे टोले दिले तशी तिने मला उठवलं. चहा तयार होता, पाणी तापलेलं होतं. एरवी मला सहा वाजता उठवताना जी भांडी आदळत, त्यांतलं एकही आदळलं नाही. मी दुकानात पोचलो. गॅसबत्त्या पेटवल्या, गादीवर धुतलेल्या खोळी घातल्या, गज पुसून ठेवले. बाहेर कुजबुज वाढत चालली होती. आसपासच्या खेड्यांतली माणसं पहिल्या वेच्याचा कापूस बाजारात घालून गाड्यांखालीच झोपली होती. ती आता घोंगड्या पांघरून दुकानापुढे जमली होती. शहरातल्या बायका कंदील घेऊन आल्या होत्या. फटीतून पाहून शेटजी म्हणाले, "मुंबई."

पाच वाजता आम्ही दाराच्या फळ्या काढल्या. सगळ्यांत पुढे एक उंच, हाडापेराने मजबूत बाई होती. पन्नाशीची असावी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात गोठ-पाटल्या. तिच्यामागे तिचा नवरा, डोक्याला मुंडासं आणि काखेत गाठोडं. तो शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. बाई बार्शीटाकळीच्या बाजूची शेतकरीण होती. लेकीचा पहिला दिवाळसण होता. ती गादीवर येऊन बसली, कप्प्यांवरून नजर फिरवली आणि बोट उचललं.

"ते डाळिंबी दाखव."

मी लुगडं तिच्यापुढे उलगडलं. तिने सूत चोळून पाहिलं, काठ उलटा करून पाहिला, पदर बत्तीपुढे धरला. चेहरा अगदी नाराज ठेवला. यावरून लुगडं तिला फार आवडलंय हे मी ओळखलं.

"कितीले?"

"साडेसात रुपये."

"पाच देतो."

"बाई, एकच भाव आहे."

"बरं, मंग सव्वापाच."

"एकच भाव म्हणजे कमी होत नाही."

"कोनाचं कमी होत नाही? तुह्यं का माह्यं?"

मी पाटीकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी काही फरक पडला नसता. तिने मांडी बदलून नीट ठाण मांडलं. "तुले मालकानं शिकवेल दिसते," ती म्हणाली. "मालकाले बोलाव."

शेटजी आले. हात जोडून त्यांनी तिला मुंबईची सगळी हकिगत सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, "अन् त्या मुंबईच्या बाया घरी गेल्यावर नवऱ्याले काय सांगत असतीन? गेली, जे मांगतलं ते देल्लं, अन् आली?"

शेटजींची खरी अडचण वेगळीच होती. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर दिवस वाया जातो, अशी त्यांची ठाम समजूत होती. भवानी झाल्याशिवाय ते दुसऱ्या कोणाला चिंधीसुद्धा दाखवू देत नसत. ही बाई म्हणजे सेलची भवानी होती. तिला जाऊ देता येत नव्हतं आणि भाव सोडता येत नव्हता. मागे शंभर माणसं उभी होती. घोंगड्यांना घोंगड्या घासत होत्या. कोणीतरी म्हणालं, "पुढं काय होऊन राहिलं?" आणि कोणीतरी उत्तर दिलं, "लुगड्याचा भाव चालू हाय." मग सगळे मान उंचावून ऐकू लागले.

एवढ्यात गर्दीतून एक बाई वाट काढत पुढे आली. डोक्यावरून पदर घट्ट घेतलेला.

"अहो दुकानदार," ती म्हणाली, "ते तिसऱ्या कप्प्यातलं डाळिंबी लुगडं जरा इकडे दाखवा."

आवाज माझ्या ओळखीचा होता. घरी मला 'अहो' एवढंच म्हणतात. त्याला 'दुकानदार' जोडलेलं मी प्रथमच ऐकलं. शेटजींनी माझ्याकडे पाहिलं. लुगडं तर गादीवर होतं. ते तिसऱ्या कप्प्यातलं आहे हे हिला कसं ठाऊक?

"काय पाहिजे, बाई?" मी म्हणालो. माझा आवाज आठवी-नववीतल्या पोरासारखा फाटला.

"सांगितलं ना, ते डाळिंबी. यांना भाव पटत नसेल तर मला द्या. मला साडेसात मान्य आहेत." तेवढे पैसे तिने कुठून आणले होते ते मला आजतागायत माहीत नाही.

"मी सोडलं कवा?" शेतकरीण म्हणाली आणि तिने एक काठ मुठीत धरला.

"तुम्ही घेतलंय तरी कुठे?" असं म्हणून आमच्या घरातून दुसरा काठ धरला गेला. नऊवारी लुगडं दोघींच्या मध्ये दोरीवरच्यासारखं ताणलं गेलं. मी मधोमध. लुगडं फाटलं तर कोणाच्या नावावर पडेल, याचा मी विचार करत होतो.

मग बायकोने गर्दीकडे तोंड केलं आणि सगळ्यांनाच ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या पुण्याला मोठ्या दुकानांतून अशीच पद्धत आहे. दुकानदारानं एकदा भाव सांगितला की तोच. पटलं तर घ्यावं, नाही तर नमस्कार करून निघावं. त्यात दुकानदाराचाही मान राहतो आणि गिऱ्हाइकाचाही."

शेटजींचा चेहरा असा उजळला, की मागची गॅसबत्ती कोणी वाढवली काय असं मला वाटलं.

शेतकरणीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग गादीवर पुढे वाकून हळूच मला म्हणाली, "हे तुही बायको हाय."

"नाही हो, बाई."

"परक्या बाईले कोनी इतकं भेत नाही," ती म्हणाली. "भाव उतरव, नाही त सांगतो मालकाले."

माझ्या बाजूलाच मोठे गुमास्ते बसले होते. त्यांनी हे ऐकलं. चाळीस वर्षांत त्यांनी काय काय ऐकलं असेल, त्यामुळे चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी मागून खणांचा गठ्ठा ओढला, त्यातला एक खण झटकून लुगड्यावर टाकला आणि म्हणाले, "माय, लुगड्याचा भाव पाटीवर बांधेल हाय. तो आमाले सोडता येत नाही. पन वर खन किती द्याचे, ते पाटीवर नाही."

बाईच्या डोळ्यांत चमक आली. तिने सगळा भार डाव्या गुडघ्यावर घेतला आणि ती कामाला लागली. "चार दे."

"चार? अर्धाच येते हिशोबात."

"अर्धा खन कोन लेते, तू का मी?"

पाव तास ते दोघे भांडत होते, आणि गर्दीचे दोन तट पडले होते. अर्धी तिच्या बाजूने, अर्धी गुमास्त्यांच्या. शेवटी दोन खणांवर सौदा ठरला. शेटजींनी भवानीसाठी म्हणून मान डोलावली. बाई लुगडं आणि दोन खण नवऱ्याच्या काखेतल्या गाठोड्यात कोंबून, जिंकलेल्या कुस्तीगिरासारखी पायऱ्या उतरून गेली. जाता जाता तिने माझ्याकडे पाहून मान डोलावली. मालकाला काही न सांगता तिने आपला शब्द पाळला होता.

तिच्यानंतर आलेल्या प्रत्येक माणसाने लुगड्याचा भाव निमूट कबूल केला आणि खणांवर तुटून पडला. धोतरजोडी घ्यायला आलेला एकटा म्हाताराही खण मागत होता. दुपारपर्यंत खणांचा कप्पा रिकामा झाला. बायको केव्हा निघून गेली ते मला कळलंच नाही. मी जेवायला घरी गेलो, तर तिने पान वाढलं आणि भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "रंग तसा भडकच होता."

चार वाजता शेटजींनी मला बोलावलं. मला वाटलं, झालं. पण ते म्हणाले, "सकाळी ते पुन्याची बाई आलती, कोन होती ते?"

"माहीत नाही, शेटजी." नियम मोडल्याचा गुन्हा डोक्यावर होता, दुसरं काय सांगणार?

"शोधा. अशी बाई उद्या, परवा, रोज पहाटे आपल्या गादीपुढं उभी पायजे. तिनं बोललं की लोक ऐकते. तिले म्हना, रोज या, जे आज बोलल्या तेच बोला, अन् एक खन घेऊन जा."

मी शोधायला निघालो. बाजारातून एक चक्कर मारली, एका हॉटेलात चहा घेतला आणि घरी गेलो. बायको तांदूळ निवडत होती. मी निरोप सांगितला.

"खण?" ती म्हणाली. "त्या बाईला तर दोन मिळाले. शेटजींना सांगा, एक लुगडं. माझ्या पसंतीचं."

मी परत गेलो. "बाई सापडली काय?" शेटजींनी विचारलं. सापडल्याचं सांगून मी तिचं म्हणणं मांडलं. लुगडं ऐकून शेटजी उभेच राहिले. "तिले म्हना, दोन खन अन् एक चादर." मी पुन्हा घरी. "चादर मी नेसू का?" असं उत्तर आलं. मी पुन्हा दुकानात. "साधं पातळ देऊ म्हना." पुन्हा घरी. "लुगडं म्हणजे लुगडं."

भाजीवालीशी एक शब्द न बोलणारी माझी बायको उभ्या जन्मात प्रथमच घासाघीस करत होती आणि दलाल म्हणून मी उन्हातून पळत होतो. तिसऱ्या खेपेला शेटजींनी घाम पुसत विचारलं, "हे बाई राहते तरी कोठी?"

"जिनाच्या मागे."

"म्हंजे तुमच्या घराजवळच हाय."

"हो," मी म्हणालो. "अगदी जवळ."

लुगडं कबूल झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आधी निघालो आणि ती शेजारणीला सोबत घेऊन मागून आली. शेजारणीला सगळं ठाऊक होतं, आणि तिच्यासाठी ही नाटक कंपनीच गावात आली होती. बायकोने आपलं काम चोख केलं. गादीपुढे उभी राहून, कधी छिटाचा तुकडा हातात घेऊन, कधी धोतराचा काठ पाहत ती एकाच भावाचं महत्त्व सांगे. माणसं ऐकत. खेड्यातल्या बायका तिच्याभोवती उभ्या राहून, तिच्या बोलण्यापेक्षा तिच्या बोलण्याची तऱ्हा ऐकत. एकीने तर तिला, "पुन्हा म्हना नं, बाई," अशी विनंती केली.

पण एक गोष्ट शेटजींच्या हिशोबात नव्हती. मालाविषयी तिला खोटं बोलता येत नसे. एका माणसाने निळ्या छिटाविषयी विचारलं, "बाई, रंग राहीन का याचा?" तर ती म्हणाली, "छे. दोन धुण्यांत जाईल. ते पलीकडचं घ्या." शेटजी गल्ल्यामागून अर्धे उठले. ती पुढे एका बाईला म्हणाली, "हे पातळ तुम्हाला आखूड पडेल, उंच आहात." आणि एका नव्या नवऱ्याला, "इतकं महागाचं कशाला? घरात आणखी कोणाकोणाला घ्यायचं असेल ना?" शेटजींनी मला खूण केली की तिला आवरा. मी पुढे होऊन म्हणालो, "बाई, जरा..." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पाहून मी गज उचलला आणि मापायला लागलो.

गंमत अशी झाली, की त्या दिवशी विक्री आदल्या दिवसापेक्षा जास्त झाली. पुण्याची बाई खरं सांगते, अशी बातमी गाड्यांच्या तळावर पसरली. तिसऱ्या दिवशी माणसं आमच्यापेक्षा तिलाच विचारू लागली. मोठे गुमास्ते माझ्या कानात म्हणाले, "महाराज, आपुन घरी जाऊ का? दुकान चालून राहिलं." त्या बाईचं बोलणं त्यांना पहिल्याच दिवशी पटलं होतं, हे मला तेव्हा समजलं.

चौथा दिवस धनत्रयोदशीचा. चार पहाटे तीनला उठून माझे डोळे असे झाले होते, की लाल काठ आणि हिरवा काठ मला सारखाच दिसत होता. सातच्या सुमारास बार्शीटाकळीकडची ती बाई पुन्हा आली. बरोबर गावातल्या सात-आठ बायका. तिच्या दोन खणांची कीर्ती ऐकून त्या आल्या होत्या. तिने गादीपुढे उभ्या असलेल्या माझ्या बायकोला पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला.

"अवो, हे त अजून इथंच हाय," ती आपल्या बायकांना म्हणाली. "हे ते. सांगतलं नव्हतं काय? त्याची बायको." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पहिल्या दिवशीचा सौदा त्या दिवशीच पुरा झाला होता; आता लपवायचं ते काय, असं तिला वाटलं असेल. पण शेटजींनी ऐकलं. दुकानात पन्नास माणसं होती, त्यांनीही ऐकलं. शेटजींनी गल्ला बंद केला, आणि गादीवरून चालत माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"मी तुमाले तीन वेळा पाठवलं," ते म्हणाले. "उन्हातान्हाचं. तुमी तुमच्याच घरी जाऊन येऊन राहिले होते?"

"हो, शेटजी."

"अन् मी घाम पुसून राहिलो होतो."

मी खाली पाहिलं. शेटजी बायकोकडे वळले. आवाज एकदम मऊ झाला. "बाई, तुमी त घरच्याच निघाल्या. घरच्या माणसाले लुगडं-बिगडं काय? घरचं काम घरच्या माणसानं करावं. एक खन घेऊन जा, दिवाळीचा."

बायकोने डोक्यावरचा पदर नीट केला.

"शेटजी," ती म्हणाली, "चार दिवस मी तुमच्या दारात उभी राहून लोकांना काय सांगितलं? एकदा ठरला तो भाव. मी यांची बायको आहे म्हणून बदलत असेल, तर मी या सगळ्यांना खोटं सांगितलं असं होईल. तसं असेल तर आता तेही सांगते."

सगळ्यांत आधी शेतकरीण हसली. मग तिच्या बायका. मोठे गुमास्ते खोकल्याचं निमित्त करून मागे वळले. शेटजींनी दारावरच्या पाटीकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि व्यापारी माणूस असल्यामुळे जे ओळखायचं ते लगेच ओळखलं. "काढा," ते मला म्हणाले. "जे बाई म्हनतीन ते."

तिने घाई केली नाही. अकरा लुगडी उलगडायला लावली, मीच उलगडली. प्रत्येकाचं सूत चोळून पाहिलं, काठ उलटा केला, पदर उजेडात धरला. शेतकरीण शेजारी मांडी घालून बसली होती आणि सल्ला देत होती. शेवटी दोघींच्या मते एक गर्द हिरवं ठरलं, लाल काठाचं. शेतकरणीने तिच्या वतीने शेटजींकडे एक खण मागितला आणि तो मिळवलाही.

मला शेटजींनी नोकरीवरून काढलं नाही. दुपारी हिशोब मिटल्यावर एवढंच म्हणाले, "पुढच्या साली सेल-बिल नाही. आपलं भाव करनंच बरं. माणूस कोनाशी बोलून राहिला, ते त समजते." खरोखरच पुढे कधी सेल झाला नाही. बायकोला मात्र त्यानंतर खेड्यांतून आलेल्या बायका घर विचारत यायच्या आणि दुकानात जाण्याआधी कापड कसं ओळखायचं ते विचारायच्या. काही दिवसांनी ती भाजीवालीशीही बोलू लागली.

धनत्रयोदशीच्या त्या संध्याकाळी आम्ही गाडीने अमरावतीला निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. तिथे बायकोने मला हलवून हलवून फलाटावर उतरवलं, तरी मी ट्रंकेवर बसून झोपलोच. घरी पोचल्यावर काय जेवलो आठवत नाही. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. आईने अंधारातच उठवून मला पाटावर बसवलं, डोक्यावर तेल ओतलं आणि ती उटणं कालवायला वळली. परत येऊन पाहते तो मी पाटावर बसल्या बसल्या, भिंतीला टेकून, घोरत होतो. तिने हाक मारली, भावाने गार पाणी शिंपडलं. काही उपयोग झाला नाही. बाहेर पोरांचे फटाके वाजून संपले. या दिवशी सूर्य उगवल्यावर जो आंघोळ करतो तो नरकात जातो, असं वडील दरवर्षी सगळ्यांना बजावत. ते दारात येऊन उभे राहिले आणि तेल निथळणाऱ्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

"झोपू दे त्याला," ते आईला म्हणाले. "पाणी पुन्हा तापव."

मी उठलो तेव्हा अंगणात ऊन आलं होतं.